कॉफी आणि पाच पंच

जिनिंग फॅक्टरीसमोरून नुसतं चालत गेलं तरी घरी पोचेपर्यंत शर्टाला कापूस लागलेला असतो. आपण कुठे हात लावलेला नसतो, तरी लागतो. किस्स्यांचंही तसंच आहे. मी कधी कोणाला खोदून विचारलं नाही. कोपऱ्यात टेबल टाकून बसलो होतो, एवढंच.

टेबल होतं पुसदला, विजूभाऊच्या सायबर कॅफेत. मी तिथे लग्नपत्रिका, अर्ज, पॅम्प्लेट असली टायपिंगची कामं करायचो. कॉम्प्युटर मला कोणी शिकवला नाही. पुस्तक मांडीवर ठेवून, चुकत चुकत शिकलो. रोज चार ओळी लिहायची सवय आहे, म्हणून यातलं बरंचसं जागच्या जागी लिहून ठेवलेलं आहे. आणि जे लिहिलं नाही, ते विसरता येण्यासारखं नाही.

कॅफे होता गंगाधरसेठच्या कृषी केंद्राच्या माडीवर. खाली बियाणं आणि फवारणीची औषधं, वर चार कॉम्प्युटर. प्रत्येकाला प्लायवूडचा आडोसा आणि एक निळा पडदा. विजूभाऊ तांड्यावरचा माणूस. वाट्याला आलेलं वावर विकून त्याने या मशिनी आणल्या होत्या. वावर गेलेलंच होतं. माडीही गेली असती तर परतायला जागा नव्हती. हे सगळ्यांना ठाऊक होतं, म्हणून त्या हिवाळ्यात आम्ही जेवढं हसलो तेवढेच धास्तावलोही होतो.

०००

कापसाचे ते वाईट दिवस. पेपरचं पहिलं पान पाहायची हिंमत होत नसे, म्हणून लोक आतलं पान आधी वाचत. त्याच आतल्या पानावर, कापसाच्या भावाखाली, एक बोटभर बातमी आली. एका गाजलेल्या व्हिडिओ गेममध्ये बनवणाऱ्यांनीच एक नको तसला सीन लपवून, कुलूप लावून ठेवला आहे. अमेरिकेत त्यावरून मोठा गदारोळ चालू आहे. आयाबाया कोर्टात गेल्या आहेत.

तो गेम आमच्या चारही मशीनवर होता. नागपूरहून आणलेल्या सीडीतून टाकलेला.

तोपर्यंत तो गेम कॉलेजची दोन-तीन पोरं खेळायची. शाळेच्या पोरांना विजूभाऊ जिन्यावरूनच परत पाठवायचा, तो नियम त्याने कधी मोडला नाही. बातमी आली त्या दिवसापासून मात्र मिशा पिकलेली माणसं जिना चढायला लागली. सरळ गेम मागायची लाज वाटे. मग कोणी म्हणे निकाल पाहायचा आहे, कोणी म्हणे नोकरीची जाहिरात. एक आडतदुकानदार आले आणि घाम पुसत म्हणाले, "रेल्वेचा टाइम पाहाचा होता."

पुसदला रेल्वे नाही. स्टेशन नाही, रूळ नाही, शिट्टी ऐकायची तरी गावाबाहेर कितीतरी लांब जावं लागतं.

विजूभाऊने चेहरा सरळ ठेवून त्यांना तीन नंबरची मशीन दिली. पुढे तो एक परवलीचा शब्दच झाला. कोणी रेल्वेचा टाइम विचारला की विजूभाऊ गेम सुरू करून पडदा ओढून द्यायचा.

मी एकदा त्याला विचारलं, आपल्या सीडीत तो सीन खरंच आहे का?

"मले काय माहीत, मनोहरभाऊ," तो म्हणाला. "हाये म्हणलं तं पोलीस येते, नाही म्हणलं तं गिऱ्हाईक जाते."

०००

महागावकडचे नामदेवकाका कापसाची गाडी घेऊन खरेदी केंद्रावर आले होते. गाड्यांची रांग पार रस्त्यापर्यंत होती. नंबर कधी लागेल याचा पत्ता नाही. पोरगा गाडीजवळ बसवून काका गावात चक्कर मारायचे, आणि एक दिवस चक्कर मारता मारता आमच्या माडीवर आले.

त्या गेममध्ये माणूस कुणाचीही गाडी हिसकावून गावभर उडवत हिंडतो. काकांनी गाडी घेतली, पण सिग्नल लाल दिसला की ते थांबायचे. मागचे हॉर्न वाजवायचे, काका थांबलेलेच. शेजारचा कॉलेजवाला वैतागला. म्हणाला, काका, पळवा ना, कोण पकडून राह्यलं?

"दुसऱ्याची गाडी हाये, बावा. लागली गिगली तं?"

त्यांना त्या शहराचा एकच प्रश्न पडला होता. एवढे बंगले, एवढे हॉटेलं, मग हे लोक खातात काय? वावर कुठे आहे? ते शोधत काका शहराच्या बाहेर निघाले. पूल ओलांडला, डोंगर ओलांडला. रोज थोडं थोडं पुढे जायचे. आमच्याकडे तोवर बातमी पसरली की महागावच्या काकांना त्या सीनचा रस्ता सापडला, म्हणून ते असे शहर सोडून आडमार्गाने चाललेत. दोघं-तिघं त्यांच्या पाठीमागे उभे राहू लागले.

शेवटी एका दुपारी काकांच्या तोंडून "आहाहा" असं निघालं. सगळे पडद्याआड घुसले. कॉलेजवाल्याने विचारलं, सापडलं का काका?

"सापडलं ना," काका म्हणाले. "ट्रॅक्टर!"

नंबर लागेपर्यंत त्यांनी तिथली सगळी जमीन पालथी घातली. जाताना विजूभाऊला सांगून गेले, माती चांगली आहे, पण कोणी लक्ष देत नाही.

०००

दुसरे आत्राम. फॉरेस्ट गार्ड. झरी जामणीच्या जंगलात उभी नोकरी झालेली, नुकतेच बदलून पुसदला आलेले. ते कमी बोलायचे. पहिल्याच दिवशी त्यांनी सांगितलं की लपलेली वस्तू शोधत हिंडायचं नसतं. पाणी कुठे आहे ते पाहायचं आणि तिथे बसायचं. आपोआप येते.

त्यांनी गेममधला माणूस एका तळ्याच्या काठी नेऊन उभा केला आणि कीबोर्डवरून हात काढून घेतला.

तास झाला. आत्राम हलले नाहीत, गेममधला माणूस हलला नाही. मागे जमलेले लोकही हळू आवाजात बोलायला लागले. एकाला खोकला आला तर त्याने तोंडावर रुमाल धरला. तळ्यावर गेममधली संध्याकाळ झाली. आत्रामांनी नुसतं एक बोट वर केलं. म्हणजे काहीतरी येतंय.

आली ती पोलिसांची जीप. तिचा आत्रामांच्या माणसाला धक्का लागला, आत्रामांनी घाईने कीबोर्ड धरला, चुकून त्या माणसाने जीपला लाथ घातली, आणि पुढच्या क्षणी त्याला बेड्या ठोकून नेलं.

आत्राम शांतपणे उठले. तासाचे पैसे दिले. चप्पल घालताना म्हणाले, "आमच्या इकडंबी असंच होते. वाट पाहाची वाघाची, आन येते साहेब."

०००

विजूभाऊची आई, म्हणजे याडी, तांड्यावरून महिन्यातून एकदा पोराला पाहायला यायची. तिच्या कानावर गेलं होतं की पोराच्या दुकानात काहीतरी घाण आहे. ती आली ती काठीसकट आली. म्हणाली, दाखव.

विजूभाऊ माझ्या मागे सरकला. मी गेम लावून दिला. याडी माझ्या खुर्चीत बसून पाहत राहिली. गेममधला माणूस बनियनवर गावभर पळत होता. बाजारात बनियन, रस्त्यावर बनियन, पाऊस आला तरी बनियन.

"ह्याले माय नाही का?" याडीने विचारलं.

विजूभाऊ म्हणाला, दाखोली नाही गेममध्ये.

याडीचा चेहराच बदलला. "मंग ह्या लेकराचा काय दोष?"

तिने काठी भिंतीला टेकवली. निघेपर्यंत तिचं एकच पालुपद होतं. आधी त्याला शर्ट घाल, मग लोकांना तोंड दे. त्या गेममध्ये कपड्याचं दुकान होतं हे आम्हाला तोवर माहीतच नव्हतं. शोधलं. विजूभाऊने चारही मशीनवर त्या माणसाला पांढरा शर्ट घेऊन दिला, आणि पुढे रोज मशीन सुरू केली की आधी शर्ट.

०००

मग आले कानडे सर.

कानडे सर निवृत्त हेडमास्तर. सकाळी फिरायला जाणाऱ्या मंडळींचे पुढारी. त्यांच्या मागे दोन सद्गृहस्थ कायम असत. सर बोलले की ते मान हलवत. सर जिना चढले नाहीत, खाली गंगाधरसेठच्या गादीवर बसले आणि म्हणाले की तुमच्या माडीवर अश्लील प्रकार चालतो. माडी ताबडतोब रिकामी करून घ्या, नाहीतर आम्ही मोर्चा आणू.

विजूभाऊ जिन्याच्या अर्ध्यावर उभा राहून ऐकत होता. मी त्याच्या मागे.

गंगाधरसेठ घाईचा माणूस नव्हता. त्याच्या धंद्यात रोजच भांडण. बियाणं उगवलं नाही म्हणून शेतकरी येतो, कंपनीवाला म्हणतो पाणीच दिलं नसेल. मग पंच वावरात जातात, ओळीत वाकून डोळ्यांनी पाहतात, आणि पाहिलं ते लिहून सह्या करतात. सेठने तेच लावलं.

"सर, बियाणं उगोलं नाही म्हणून कोनी आलं, तरी मी वावरात जाऊन पाह्यल्याबिगर मानत नाही," तो म्हणाला. "पाच पंच वर जाऊ. तसलं काही दिसलं तं विजूनं संक्रांतीले माडी खाली कराची. नाही दिसलं तं विषय बंद."

पाच पंच म्हणजे कानडे सर, ते दोन मान हलवणारे, स्वतः सेठ, आणि महिला मंडळाच्या कमलताई. बायांचा माणूस पाहिजेच, असं सरांनीच सुचवलं होतं. त्याचा त्यांना पुढे पश्चात्ताप झाला असावा.

०००

पाहणी दुपारी चारला, सेठच्या दुकानात गर्दी नसते तेव्हा. माझं टेबल बाजूला सरकवून पाच खुर्च्या मांडल्या. असल्या वस्तूला हात लावायचा नाही, असं सरांनी जाहीर केलं. म्हणून चालवायचं मी आणि सांगायचं सरांनी.

"डावीकडे घ्या. सरळ. थांबा, ती बाई कोण उभी आहे? तिच्यापासून लांब चला."

मी लांब नेलं.

"इतकं लांब नको," सर म्हणाले.

दोघांनी माना हलवल्या.

विजूभाऊने तोवर कॉलेजच्या पोरांकडून माहिती काढली होती. तो सीन असलाच तर गेममधल्या माणसाची एखाद्या मुलीशी ओळख वाढल्यावरच दिसेल. हे लपवावं की सांगावं, याचा त्याने रात्रभर विचार केला होता. शेवटी त्याने स्वतःच पंचांना सांगून टाकलं. म्हणाला, पाहाचं तं पुरं पाहा, मागून म्हनसान विजूनं लपोलं.

आणि तिथून कारभार कमलताईंच्या हातात गेला. आयुष्यभर त्यांनी लोकांच्या सोयरिकी जमवल्या होत्या. एका पोराची एका पोरीशी ओळख करून द्यायची म्हटल्यावर त्या खुर्ची ओढून पुढे आल्या.

त्यांनी आधी माणसाचा पांढरा शर्ट पाहून समाधान व्यक्त केलं. केस नीट कापून आणायला लावले. मग मुलीच्या घरासमोर मी गाडी थांबवली आणि हॉर्न दिला, तर खवळल्या. "हॉर्न कायले वाजोता? रिक्षा हाये का? खाली उतरून दारापाशी जा."

गेलो. मुलगी बाहेर आली. ताईंनी तिला खालून वर पाहिलं आणि विचारलं, घरी कोण कोण असते? विजूभाऊ म्हणाला, एकटीच राहते. ताईंनी सेठकडे पाहिलं. सेठ म्हणाला, घर तर स्वतःचं दिसते. तेवढ्यावर पुढे जायचं ठरलं.

फुलं दिली. हॉटेलात नेलं. ती जेवली तेव्हा ताई म्हणाल्या, खाण्यात नखरे नाहीत. परत घरी सोडायला निघालो, दार समोर आलं, सर खुर्चीवर सावरून बसले, आणि भारनियमन! पंखा थांबला, मशीन काळी. वीज येईपर्यंत सगळे काळ्या मशीनसमोर बसून राहिले. वीज आली तेव्हा गेम पहिल्या पानावर होता.

"म्हणजे ते पोरगी आपल्याले विसरली?" ताईंनी विचारलं.

विजूभाऊ म्हणाला, हाव ताई, वीज गेली की सारंच जाते.

"मंग पहिल्यापासून ओळख करून द्या," ताई म्हणाल्या. "पन शर्ट आधी."

दुसऱ्या दिवशी पुन्हा वीज गेली. तिसऱ्या दिवशी विजूभाऊने स्वतःहून इन्व्हर्टर भाड्याने आणला. ज्या पाहणीने त्याची माडी जाणार होती, तिच्यासाठी! तो म्हणाला, "मनोहरभाऊ, रोज रोज जीव टांगणीले राह्यते. एकदाचं होऊन जाऊ द्या."

०००

तो दिवस. सगळं नीट झालं. शर्ट, केस, फुलं, जेवण. तोवर पंचांना रस्ता पाठ झाला होता. मान हलवणारे दोघे आता वळण येण्याआधीच मान वळवायचे. गाडी मुलीच्या दारात लागली. मुलगी उतरली, पायरीवर थांबली आणि इंग्रजीत काहीतरी म्हणाली.

"काय म्हणते?" कमलताईंनी विचारलं.

इंग्रजी सरांना येत होतं. सर म्हणाले, "कॉफीला आत या, म्हणते."

विजूभाऊने माझ्या खांद्याला मागून घट्ट धरलं. कॉलेजच्या पोरांनी त्याला सांगितलं होतं, की अमेरिकेतला सगळा गदारोळ या कॉफीनंतरचाच आहे. आमच्या सीडीत ते कुलूप उघडं आहे की बंद, हे आता कळणार होतं.

कमलताईंचा चेहरा मात्र उजळला. "पाहा," त्या म्हणाल्या. "चहा नाही, कॉफी! दारातून पाठोलं नाही तिनं. वळण चांगलं हाये घरचं."

मी बटण दाबलं. दोघं आत गेली. दार लागलं. स्क्रीनवर नुसतं घर दिसत राहिलं. दार, खिडकी, पायरी. आत काय चाललं होतं ते दिसण्याचा काही मार्ग नव्हता. कुलूप बंदच होतं.

पाचही पंच त्या बंद दाराकडे पाहत बसले. थोड्या वेळाने कमलताई उभ्या राहिल्या आणि पदर सावरला.

"चला," त्या म्हणाल्या. "पोरं आत गेले, दार लोटलं. आता आपलं इथं काय काम?"

सर चाचरत म्हणाले की पाहणी अपूर्ण राहते. नियमाने आतलं पाहायला हवं. काही युक्ती असेल तर कुलूप उघडून—

"मंग तुम्ही बसा आन पाहा," ताई म्हणाल्या. "मी वहिनीले सांगतो, सरले उशीर होईन."

सरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. मान हलवणाऱ्यांनी सरांकडे पाहिलं आणि मग, त्या हिवाळ्यात पहिल्यांदाच, ताईंकडे पाहून मान हलवली.

पंचनामा मीच टाइप केला. मजकूर सेठने सांगितला, बियाण्याच्या पंचनाम्याच्या चालीवर. 'आम्ही खाली सही करणारे पंच समक्ष हजर राहून पाहिले की, मुलगा अंगात शर्ट घालून होता. मुलीस जेवू घालून सुखरूप घरी सोडले. मुलीने कॉफीस आत बोलाविले. पंच बाहेर थांबले. दार बंद. पुढे पाहण्यासारखे काही आढळले नाही.' पाच सह्या झाल्या. सरांची सही सगळ्यात खाली, थोडी तिरपी.

विजूभाऊ जिन्याच्या पायरीवर जाऊन बसला. मी पाण्याचा ग्लास नेऊन दिला, तर तो हसत होता आणि त्याला पाणी पिता येत नव्हतं. संक्रांतीला याडीने तांड्यावरून तिळाचे लाडू पाठवले. निरोप होता, अर्धे कमलताईंना आणि अर्धे त्या शर्टवाल्या पोराला. त्या पोराच्या वाटचे आम्ही खाल्ले.

पंचनाम्याला विजूभाऊने फ्रेम करून घेतली आणि जिना जिथे संपतो तिथे भिंतीवर लावली, म्हणजे वर येणाऱ्याला ती आधी दिसावी.

०००

त्यानंतरचा एक सोमवार. कॅफे नुकता उघडला होता. मी टेबल पुसत होतो, विजूभाऊ उदबत्ती लावत होता. जिन्यावर काठीचा आवाज आला.

कानडे सर होते. एकटेच. फ्रेमखाली ते क्षणभर थांबले, आपली सही पाहिली, आणि आत आले. नमस्कार झाला. थंडी फार पडली आहे, असं बोलणं झालं. मग सरांनी घसा साफ केला आणि तीन नंबरच्या मशीनकडे पाहत म्हणाले, "जरा रेल्वेचा टाइम पाहायचा होता."

विजूभाऊने उदबत्ती खोचली. हात जोडून, अगदी आदराने त्याने विचारलं, "कुठून निघाचं हाये, सर?"

"पुसदहून," सर म्हणाले आणि पडदा ओढून घेतला.